पत्ता बदलला, पलटण तीच

भाग १४ : सोर्स कोडचं घर हलतं तेव्हा पॅकेज सांभाळणाऱ्यानं काय करायचं

 

आजचा विषय सांगण्याआधी एक पत्ता सांगतो. ज्यांच्या घरचं कोणी फौजेत आहे त्यांना तो पाठ असेल. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी 'मार्फत ९९ ए.पी.ओ.'. पाकिटावर गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. माझी पलटण नागालँडमध्ये होती तेव्हा आई याच पत्त्यावर पत्र टाकायची आणि आम्ही सिक्कीममध्ये वर गेलो तेव्हाही याच पत्त्यावर. आम्ही हललो हे साताऱ्यात आईला कळायचंही नाही, आणि पत्र मात्र यायचं.

हे कसं होतं? पत्र आधी फौजेच्या मध्यवर्ती टपाल कचेरीत जातं. ५६ ए.पी.ओ.ची दिल्लीत आहे आणि ९९ ए.पी.ओ.ची इथं कोलकात्यात. कुठलं युनिट आज कुठं आहे याची यादी त्या कचेरीकडे असते. पलटण हलली की यादीतली एक ओळ बदलते. पाकिटावरचा पत्ता तोच राहतो.

ही गोष्ट लक्षात ठेवा. आजचा सगळा भाग याच एका कल्पनेवर उभा आहे.

सुभेदारसाहेबांची फाईल

हा विषय माझ्या वाट्याला कसा आला ते सांगतो. माझ्या जुन्या पलटणीतल्या एका सुभेदारसाहेबांनी निवृत्तीनंतर आपल्या आठवणी संगणकावर टंकून ठेवल्या होत्या, दोनशेच्या वर पानं. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला त्याचं पुस्तक काढायचं असं मुलीनं ठरवलं आणि फाईल मला पाठवली. मी उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं यांचा चिवडा.

कारण साधं होतं. युनिकोड रुळण्याआधी मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवून बनवले जायचे. फाँट असेल तर मराठी दिसतं, नसेल तर चिवडा. असा मजकूर युनिकोडमध्ये आणायला परिवर्तक लागतो. त्या विशिष्ट फाँटसाठीचा एक छोटा मुक्तस्रोत परिवर्तक मला माहीत होता, माझ्या लिनक्समध्ये पॅकेज म्हणून तो यायचा. चालवला. मजकूर मराठी झाला, पण जिथं तिथं 'परिसि्थती', 'उपसि्थती'. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर, आणि जोडाक्षर असेल तर संपूर्ण जोडाक्षरानंतर ठेवावी लागते. परिवर्तक तिला पहिल्या तुकड्यानंतरच सोडून देत होता. दोनशे पानांत अशा चुका हातानं कोण शोधणार? आणि फौजी माणसाच्या आठवणीत 'परिस्थिती' हा शब्द किती वेळा येतो ते तुम्हीच मोजा.

परिवर्तकाच्या माहितीपत्रात लिहिलं होतं की ही चूक दुरुस्त केली आहे, पुढच्या आवृत्तीत येईल. पुढची आवृत्ती कधी आलीच नाही. दुरुस्ती मूळ सोर्स कोडमध्ये होती, आणि तो कोड ज्या होस्टिंगवर होता ते बंद पडलं होतं. दुव्यावर टिचकी मारली की कोरं पान.

पॅकेज जिवंत होतं, पण त्याचं मूळ गाव धरणाखाली गेलं होतं.

कोण कुठं असतं

ज्यांना या कामाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ लेखक जिथं प्रोग्राम लिहितो त्याला 'अपस्ट्रीम' म्हणतात, नदीचा वरचा भाग. डेबियन, फेडोरा अशी वितरणं हजारो प्रोग्राम घेऊन, तपासून, एकमेकांशी जुळवून आपल्यापर्यंत पोचवतात. अशा एकेका गठ्ठ्याला पॅकेज म्हणतात आणि ते सांभाळणाऱ्याला मेंटेनर. फौजेच्या भाषेत तो क्वार्टरमास्टर. धान्य तो पिकवत नाही, पण कुठून आलं, केव्हा आलं, पोतं फाटलंय का आणि पुढचा ट्रक कधी येणार हे त्याला ठाऊक असलं पाहिजे.

या माणसाची नजर दोन गोष्टींवर असते. एक, कोड ठेवण्याची जागा, म्हणजे होस्टिंग. दोन, कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणारी पद्धत, म्हणजे व्हर्जन कंट्रोल. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. घर बदलणं वेगळं आणि हिशेबाच्या वहीची पद्धत बदलणं वेगळं. पुष्कळदा दोन्ही एकदम बदलतात आणि मग खरी धांदल होते.

हे अपवादानं होतं असं समजू नका. सोर्सफोर्ज १९९९ मध्ये सुरू झालं आणि काही वर्षं बहुतेक सगळे तिथंच होते. २००६ मध्ये गुगल कोड आलं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ते फक्त वाचण्यापुरतं उरलं आणि जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं. गिटोरियस २०१५ मध्ये गेलं. मायक्रोसॉफ्टचं कोडप्लेक्स २०१७ च्या डिसेंबरमध्ये बंद झालं. बिटबकेटनं २०२० मध्ये मर्क्युरिअल या पद्धतीतले सगळे साठे काढून टाकले. वहीची पद्धतही बदलत गेली. आधी सीव्हीएस, मग सबव्हर्जन, मग गिट. आणि गिट स्वतः कसं जन्माला आलं? लिनक्सचा गाभा बिटकीपर नावाच्या मालकीच्या प्रणालीत ठेवला जात होता. २००५ मध्ये ती फुकट वापरण्याची सोय काढून घेतली गेली, आणि लिनस टॉरवाल्ड्सनं एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. आज जग जे वापरतं ते मुळात एका स्थलांतराच्या निकडीतून आलेलं आहे.

लोहितचं बिऱ्हाड

आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या माणसाच्या नजरेखालून 'लोहित' हा फाँट कधी ना कधी गेलेलाच असतो. देवनागरी, बंगाली, गुजराती, तमिळ अशा अनेक लिप्यांचे हे टंक रेड हॅटनं २००४ मध्ये खुले केले. त्यांची देखभाल मुख्यतः रेड हॅटच्या पुण्याच्या कचेरीतल्या मंडळींनी केली. आधी परवाना जीपीएल होता, २०११ पासून ओपन फाँट लायसन्स. आपला 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळे दिसतात, म्हणून लोहित मराठी असा वेगळा टंकही त्यात आहे. इथं माझ्या शेजारच्या बंगाली कुटुंबाच्या संगणकावर लोहित बंगाली आहे, माझ्याकडे लोहित देवनागरी. एकाच घरातले भाऊ.

लोहितचा पत्ता आधी फेडोरा होस्टेड या ठिकाणी होता. ते ठिकाण १ मार्च २०१७ रोजी बंद झालं. लोहितचं पान आणि आवृत्त्यांचे गठ्ठे पॅग्युअर या नव्या ठिकाणी गेले. म्हणजे फेडोराच्या पॅकेजमधली मुखपृष्ठाची ओळ बदलायची, गठ्ठा कुठून उतरवायचा ती ओळ बदलायची. डेबियनमध्ये त्याच टंकांची पॅकेजं वेगळी, तिथंही तेच. शिवाय डेबियनचं स्वतःचं होस्टिंग, एलिओथ, २०१८ मध्ये बंद होऊन त्याजागी साल्सा आलं. त्यामुळे अपस्ट्रीम जागेवर राहिलेल्या पॅकेजांनासुद्धा आपल्या पत्त्याच्या ओळी बदलाव्या लागल्या. फेडोरानं आपल्या पॅकेजांची वही त्याआधी २०१० मध्येच सीव्हीएसवरून गिटवर नेली होती. आणि आता पॅग्युअरच्या जागी फोर्जेओ घ्यायचं फेडोरानं ठरवलं आहे. पुन्हा बांधाबांध.

पहा, फाँट तोच, त्यातला 'क' तसाच. पण सांभाळणाऱ्याला काही वर्षांच्या अंतरानं बिस्तरा गुंडाळावा लागतोच. फौजी कुटुंबांना हे नवीन नाही. दर दोन-तीन वर्षांनी आमच्या काळ्या ट्रंकांवर नवं ठिकाण रंगवलं जायचं.

आता एक दिलासा. असं ठिकाण बंद पडलं म्हणून पॅकेज त्याच दिवशी मरत नाही. डेबियन आणि फेडोरा मूळ गठ्ठ्याची प्रत आपल्याच कोठारात ठेवतात. म्हणून तर माझा परिवर्तक इतकी वर्षं चालत राहिला. पण धोकाही तिथंच आहे. सगळं चालू दिसतं म्हणून कोणी चौकशी करत नाही. नवी आवृत्ती आली का हे पाहणारा छोटा पहारेकरी प्रोग्राम जुन्या पत्त्यावर जाऊन रिकाम्या हातानं परत येतो, आणि त्याचा अहवाल कोणी वाचत नाही. ठाण्याकडून बातमी येत नाही याचे दोन अर्थ असतात. एक, सगळं ठीक आहे. दोन, तार तुटली आहे. सिग्नल्सच्या माणसाला पहिली शिकवण ही की शांतता म्हणजे सुरक्षितता असं धरून चालू नये.

हॅरिसन रोड आणि विजयदुर्ग

कोलकात्यात राहणाऱ्याला नावं बदलण्याचं अप्रूप नाही. १ जानेवारी २००१ पासून कलकत्ता अधिकृतपणे कोलकाता झालं. हॅरिसन रोडचा महात्मा गांधी रोड झाला, डलहौसी चौकाचा बिनय-बादल-दिनेश बाग. पण म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याला 'डलहौसी' म्हणा, तो बरोबर नेतो. माझी शेवटची नेमणूक जिथं होती तो फोर्ट विल्यम २०२४ च्या अखेरीपासून 'विजयदुर्ग' आहे. आपल्या कोकणातल्या किल्ल्याचं नाव हुगळीच्या काठी आलं. आम्हा मराठी माणसांना आनंद झाला, पण जुन्या नावानं पाठवलेलं पाकीट अजूनही पोचतंच.

होस्टिंगमध्येही असंच होतं. गिटहबवर साठ्याचं नाव किंवा मालक बदलला तर जुन्या दुव्यावर गेलेल्याला आपोआप नव्या जागी नेलं जातं. याला पुनर्निर्देशन म्हणतात. मेंटेनरला वाटतं, चालतंय ना, मग कशाला हात लावा?

इथं चूक होते. रस्त्याचं जुनं नाव मोकळं झालं म्हणून ते दुसऱ्या रस्त्याला कोणी देत नाही. इंटरनेटवर मात्र देता येतं. जुनं खातं रिकामं झालं आणि तेच नाव दुसऱ्या कोणी घेऊन त्याच नावाचा साठा उघडला, तर पुनर्निर्देशन संपतं आणि जुना दुवा थेट त्या परक्याच्या घरी जातो. यातून दुष्ट कोड घुसवण्याचे प्रकार झालेले आहेत. होस्टिंगवाले काही बंदोबस्त ठेवतात, पण दुसऱ्याच्या पहाऱ्यावर आपली छावणी झोपत नाही. म्हणून पुनर्निर्देशन म्हणजे सवलतीची मुदत समजा. त्या मुदतीत पॅकेजमधला पत्ता बदलून टाका.

ए.पी.ओ.ची युक्ती इथं कामी येते. प्रकल्पाचं मुखपृष्ठ स्वतःच्या डोमेनवर ठेवलं आणि तिथून 'सध्या कोड इथं आहे' असा दुवा दिला, तर होस्टिंग कितीही वेळा बदललं तरी बाहेरच्यांनी लिहून ठेवलेला पत्ता तोच राहतो. फक्त डोमेनचं भाडं वेळेवर भरत राहायचं. ते चुकलं की हा पत्ताही परक्याच्या हाती जातो.

वही बदलताना काय हरवतं

आता व्हर्जन कंट्रोल. जुन्या पद्धती आणि गिट यांत एक मूलभूत फरक आहे. सीव्हीएस आणि सबव्हर्जनमध्ये संपूर्ण इतिहास सर्व्हरवर असतो. तुमच्याकडे असते ती त्या दिवसाची कामापुरती प्रत. सर्व्हर गेला की इतिहास गेला. गिट आणि मर्क्युरिअलमध्ये ज्यानं ज्यानं पूर्ण प्रत घेतली, त्याच्याकडे पहिल्या दिवसापासूनचा इतिहास असतो. एक चौकी पडली तरी दुसऱ्या चौकीवरून सगळं उभं करता येतं.

माझा परिवर्तक सबव्हर्जनमध्ये होता. वितरणाच्या कोठारात शेवटच्या आवृत्तीचा गठ्ठा मिळाला, पण त्यात ती वेलांटीची दुरुस्ती नव्हती. लेखकाचा ई-मेल बंद. शेवटी कोडच्या माथ्यावर प्रताधिकाराच्या ओळीत त्याचं नाव आणि गाव होतं, त्यावरून ओळखीपाळखीनं फोन नंबर मिळवला. ते गृहस्थ आता शाळेत शिकवतात. म्हणाले, "सर, अजून कोणी वापरतंय ते?" आठवड्याभरात जुन्या हार्ड डिस्कवरून सबव्हर्जनचा संपूर्ण डंप त्यांनी पाठवला. केवळ त्यांनी तेव्हा घरी प्रत ठेवली होती म्हणून. ई-मेल गेला, होस्टिंग गेलं आणि गावाच्या नावानं तारलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, लेखकाचं पूर्ण नाव आणि परवाना प्रत्येक फाईलच्या माथ्यावर असू द्या.

मग ते गिटमध्ये आणताना काय काय अडलं, ते ऐका. तुमच्याही वाट्याला हेच येणार आहे.

सबव्हर्जनमध्ये बदलांना ओळीनं आकडे असतात. १, २, ३ असे. गिटमध्ये प्रत्येक बदलाला चाळीस चिन्हांचा हॅश असतो. जुन्या नोंदींत 'ही चूक २१४ मध्ये सुटली' असं लिहिलेलं असतं. गिटमध्ये २१४ म्हणजे काही नाही. म्हणून रूपांतर करताना जुना आकडा नव्या नोंदीच्या संदेशात लिहून ठेवायचा.

सबव्हर्जनमध्ये लेखकाचं फक्त खात्याचं टोपणनाव असतं. गिटला नाव आणि ई-मेल लागतो. आधी यादी बनवायची, कुठलं टोपणनाव कोणाचं. ही यादी आळसानं केली तर कोणाचं तरी वर्षानुवर्षांचं श्रेय 'अज्ञात' या नावावर जमा होतं. फौजेत एखाद्याच्या सेवापुस्तिकेतली चार वर्षं गहाळ झाली तर काय होतं, ते पेन्शनरांना विचारा.

कोडमध्ये आवृत्तीचा आकडा आपोआप भरणारी एक खूण सबव्हर्जन वापरतं. गिट ती भरत नाही. माझ्या परिवर्तकाला आवृत्ती विचारली तर तो रिकामी जागा छापू लागला. रिकामे फोल्डर सबव्हर्जन जपतं, गिट जपत नाही, त्यामुळे निकाल ठेवायचं फोल्डरच नाही म्हणून चाचण्या अडल्या. आणि नव्या साठ्याची मुख्य शाखा. २०२० च्या ऑक्टोबरपासून गिटहबवर नव्या साठ्याच्या मुख्य शाखेचं नाव 'मास्टर'ऐवजी 'मेन' असतं. जुन्या स्क्रिप्ट मास्टरच शोधत बसतात.

सीव्हीएसवरून येताना आणखी एक भानगड. सीव्हीएस प्रत्येक फाईलची वेगळी वही ठेवतं. दहा फायलींत एकाच वेळी केलेला एक बदल तिथं दहा सुट्या नोंदींत असतो. वेळ, लेखक आणि संदेश जुळवून तो पुन्हा एक करावा लागतो. साधनं आहेत, पण शेवटी माणसानं पाहावं लागतं.

रूपांतर बरोबर झालं की नाही, याची एकच खरी परीक्षा. जुन्या वहीतून प्रत्येक आवृत्तीचा कोड काढा, नव्या वहीतून काढा, शेजारी ठेवून ताडून पाहा. अपेक्षित फरक सोडून दुसरा काही दिसला, तर जुनी वही बंद करू नका.

शिक्का तपासा

गठ्ठा नव्या जागेवरून आणला तर तो तोच आहे हे कसं ओळखायचं? त्यासाठी चेकसम असतो, लाखेच्या शिक्क्यासारखा. एक अक्षर बदललं तरी शिक्का बदलतो.

३० जानेवारी २०२३ ला गंमत झाली. गिटहबवर कुठल्याही आवृत्तीचा गठ्ठा मागितला की तो तिथल्या तिथं बांधून दिला जातो. त्या दिवशी गठ्ठा बांधण्याची, म्हणजे दाबण्याची पद्धत बदलली. आतला माल अगदी तोच, पण बाहेरचा शिक्का वेगळा. जगभर शिक्का ताडून माल घेणाऱ्या यंत्रणा एकदम अडल्या. काही तासांत बदल मागे घेतला गेला. धडा असा की मागणीनुसार बांधलेल्या गठ्ठ्याच्या शिक्क्यावर फार विसंबू नका. लेखकानं स्वतः बांधून, सही करून ठेवलेला गठ्ठा बरा.

पण थांबा. मार्च २०२४ मध्ये उलटी बाजू दिसली. एक्सझेड नावाचं फाईल दाबणारं साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. साधारण दोन वर्षं विश्वास कमावून सह-मेंटेनर झालेल्या खात्यानं तो बसवला होता. त्याची कळ गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त सही केलेल्या गठ्ठ्यात होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून तो पकडला गेला. त्यानंतर गिटहबनं तो साठा काही काळ बंद ठेवला, आणि प्रकल्पाचं काम मूळ लेखकाच्या स्वतःच्या जागी चालू राहिलं.

मग विश्वास कोणावर ठेवायचा? फौजेचं उत्तर जुनंच आहे. एकाच साक्षीदारावर नाही. गठ्ठा आणि गिटमधला त्याच आवृत्तीचा कोड दोन्ही घ्या, ताडून पाहा, आणि प्रत्येक फरकाचं कारण द्या. स्थलांतराच्या वेळी तर हे हमखास करा, कारण गर्दीत कोण आत शिरलं हे कळत नाही.

चार्ज देणं-घेणं

युनिटमध्ये अधिकारी बदलला की चार्ज घेण्याची एक ठरलेली रीत असते. तीच इथं लावा.

१. बातमीची खात्री. 'आम्ही हललो' हे लेखकानं जुन्या जागेवर लिहिलं आहे का? फक्त नव्या जागेवरच लिहिलं असेल तर तो कोणीही असू शकतो. जुन्या सहीनं नव्या आवृत्तीवर सही आहे का, पाहा.

२. जुनी जागा चालू आहे तोवर संपूर्ण प्रत घ्या. गिट असेल तर सगळ्या शाखा आणि खुणांसकट मिरर. सबव्हर्जन असेल तर संपूर्ण डंप. चुकांच्या नोंदी आणि चर्चा वेगळ्या उतरवा. त्या गिटमध्ये नसतात आणि सर्वात आधी त्याच हरवतात.

३. पॅकेजमधल्या पत्त्याच्या सगळ्या ओळी शोधा. मुखपृष्ठ, गठ्ठ्याचा दुवा, नवी आवृत्ती शोधणारा पहारेकरी, परवान्याच्या फाईलमधला उगम, चूक कळवण्याची जागा. एक बदलून चार विसरणं ही नेहमीची चूक.

४. खुणांची रीत बदलली का पाहा. आधी '१.२' होती आणि आता 'व्ही१.२' झाली तर पहारेकरी आंधळा होतो.

५. नव्या गठ्ठ्यात उपसाठे आणि तयार फायली आहेत का? गिटहबनं आपोआप बांधलेल्या गठ्ठ्यात उपसाठे येत नाहीत.

६. कोऱ्या यंत्रावर सुरुवातीपासून बांधून पाहा. तुमच्या यंत्रावर जुन्या गोष्टी पडलेल्या असतात, त्या फसवतात.

७. बदलाच्या नोंदीत एक ओळ लिहा. कधी, कुठून, कुठं, कोणाच्या सांगण्यावरून. तुमच्यानंतर येणाऱ्यासाठी.

लेखक सापडतच नसेल तर? परवाना मुक्त असेल तर दुसऱ्याला काम पुढं नेता येतं. पण आधी मनापासून शोधा, थोडं थांबा, आणि चालवायला घेतलंत तर मूळ नाव पुसू नका.

बेल्व्हेडिअरची प्रत

अलीपूरला बेल्व्हेडिअरच्या आवारात राष्ट्रीय ग्रंथालय आहे. १९५४ च्या कायद्यानं भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत तिथं द्यावी लागते. मराठी पुस्तकाचीसुद्धा. प्रकाशक पुण्याहून नाशिकला गेला, धंदा बंद झाला, तरी प्रत कोलकात्यात आहे. गंमत म्हणजे हे ग्रंथालय स्वतःही हललेलं आहे. १९०३ मध्ये मेटकाफ हॉलमध्ये इंपीरियल लायब्ररी म्हणून ते खुलं झालं, मग एस्प्लनेड, युद्धकाळात आणखी एक इमारत, आणि १९५३ पासून बेल्व्हेडिअर. इतक्या वेळा हलूनही पुस्तक सापडतं, कारण त्याची नोंद जागेच्या नावावर नसते, पुस्तकाच्या नावावर असते.

सॉफ्टवेअरसाठी असा कायदा नाही. पण २०१६ मध्ये फ्रान्सच्या इन्रिया संस्थेनं सॉफ्टवेअर हेरिटेज नावाचं कोठार उघडलं. ते जगभरचा खुला सोर्स कोड इतिहासासकट साठवतं. बंद पडलेल्या काही ठिकाणांचा कोड आज तिथं वाचायला मिळतो. प्रत्येक तुकड्याला त्याच्या मजकुरावरूनच ओळख-क्रमांक दिला जातो, त्यामुळे तो कुठं ठेवला आहे यावर ओळख अवलंबून नसते. एखादा साठा जतन करा अशी विनंती कुणीही तिथं करू शकतो. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे. तुमच्या आवडीच्या मराठी प्रकल्पासाठी आजच करा.

आणि हे सगळं दूरचं वाटत असेल तर आठवण देतो. डिसेंबर २०१४ च्या अखेरीस आपल्याच देशात ३२ संकेतस्थळं अडवण्याचा आदेश अमलात आला. त्या यादीत सोर्सफोर्ज होतं, गिटहबचा गिस्ट हा विभाग होता. लवकरच बरीच मोकळी झाली. पण एका सकाळी दार बंद मिळू शकतं, हे तेव्हा कळलं.

सुभेदारसाहेबांचं काय झालं ते सांगून थांबतो. नवा साठा उभा राहिला, वेलांटीची दुरुस्ती आवृत्तीत आली, वितरणात पॅकेज बदललं. दोनशे पानं एका मिनिटात बाहेर पडली आणि त्यांत एकही 'परिसि्थती' नव्हती. पुस्तक वेळेवर निघालं. साहेबांनी पहिली प्रत ९९ ए.पी.ओ.च्या पत्त्यावर आमच्या जुन्या पलटणीला पाठवली. पलटण सध्या कुठं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. प्रत पोचल्याची पोच मात्र आली.

पुढच्या भागात पॅकेजवर सही कशी करायची आणि ती किल्ली कुठं जपायची ते पाहू. तोवर एक गृहपाठ. तुम्ही सांभाळत असलेल्या एका तरी पॅकेजमधला प्रत्येक दुवा उघडून पाहा. किती दारं अजून उघडतात ते मोजा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.